बाहुलीचे पाय निखळू नयेत म्हणून

क्रोशाची सुई आपल्या घरांना नवी नाही. दारावरचे तोरण, टीव्हीवर घालायचा रुमाल, बाळाची टोपरी हे सारे आपल्या आया-बहिणींनी घरची कामे उरकून विणले. आता त्याच सुईने बाहुल्या, अस्वले, ससे विणून विकण्याकडे अनेक भगिनी वळल्या आहेत. गोल गोल विणून आत कापूस भरायच्या या खेळण्यांना जपानी भाषेत अमिगुरुमी म्हणतात. नाव परके असले तरी हात आपलेच आहेत.

पण दुकानातून परत येणाऱ्या मालाकडे आम्ही नीट पाहिले तेव्हा बहुतेक खेळण्यांत दोष एकच दिसला. पाय वेगळे विणून नंतर शिवलेले, शिवण ओबडधोबड, एक पाय पुढे तर दुसरा मागे. आणि लहान मुलाने दोनदा ओढला की दोरा सैल! मूल खेळणे तोंडात घालते. निखळलेला पाय आणि बाहेर आलेला कापूस ही नुसती कुरूपता नाही, तो धोका आहे. म्हणून पाय न शिवता, विणता विणताच धडाला कसे जोडावेत हे आम्ही येथे सविस्तर देत आहोत.

साहित्य : मध्यम जाडीची लोकर किंवा सुती दोरा, अडीच ते तीन मिलिमीटरची सुई, मोठ्या नेढ्याची शिवणाची सुई, पॉलिस्टरचा कापूस आणि खुणेसाठी वेगळ्या रंगाचे दोऱ्याचे तुकडे. शिंप्याकडच्या चिंध्या भरू नयेत. त्यांच्या गाठी होतात आणि धुतल्यावर त्या लवकर वाळत नाहीत.

सर्व काम मुक्या खांबाचे आहे. सुई टाक्यात घालून दोरा बाहेर ओढायचा, सुईवर दोन फासे येतात, त्या दोन्हींतून दोरा एकदम ओढून घ्यायचा. फेरी संपली तरी ती बंद करायची नाही, चकलीसारखे पुढे विणत जायचे. फेरीच्या पहिल्या टाक्यात खुणेचा दोरा घालावा, नाहीतर मोजणी हुकते.

पाय : दोऱ्याच्या कड्यात ६ मुके खांब घालून कडे आवळावे. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन म्हणजे १२. पुढे ८ फेऱ्या १२-१२ च्याच. पहिला पाय झाला की वीतभर शेपूट ठेवून दोरा कापावा आणि ओढून घ्यावा. ही शेपूट आत लपवू नये, तिचे काम पुढे आहे. दुसरा पाय तसाच विणावा, मात्र त्याचा दोरा कापू नये.

जोडणी : दोन्ही पायांची सुलट बाजू बाहेर ठेवून ते शेजारी शेजारी धरावेत. दुसऱ्या पायाच्या शेवटच्या टाक्यापासून ३ साखळ्या घालाव्यात. मग पहिल्या पायाच्या आतल्या बाजूच्या टाक्यात सुई घालून मुका खांब घालावा आणि तेथे खूण करावी. आता त्याच पायाभोवती फिरत एकूण १२ टाके पूर्ण करावेत. पुढे साखळीच्या एका बाजूवर ३ टाके. मग दुसऱ्या पायाभोवती १२. शेवटी साखळीच्या उरलेल्या बाजूवर ३. आपण खुणेपाशी परत आलो. हिशेब असा : १२ + ३ + १२ + ३ = ३०. येथे २९ किंवा ३१ भरले तर पुढे जाऊ नये, उसवून पुन्हा मोजावे. पुढच्या फेऱ्या ३० च्याच विणत गेले की धड आपोआप वर चढते. शिवण कोठेच नाही.

चुका होतात त्या चार जागी.

पहिली जागा साखळीची. पहिल्यांदा साखळीवरून जाताना तिचा एकच पदर सुईवर घ्यावा. सगळे पदर घेतले तर परतीच्या वेळी टाका घालायला जागा उरत नाही आणि मांड्यांच्या मध्ये भोक पडते.

दुसरी जागा साखळीच्या दोन टोकांची. तेथे बारीक फट राहतेच. पहिल्या पायाची राखलेली शेपूट शिवणाच्या सुईत ओवून आतून दोन-तीन टाके घालावेत, फट बुजते.

तिसरी जागा पावलांची. पाऊल पुढे आलेले असेल तर दोन्ही पाय टेबलावर, पावले आपल्याकडे करून उभे करावेत आणि एकमेकांकडे तोंड असलेल्या टाक्यांवर खूण करावी. जोडणी त्या खुणांवरच व्हावी. दुसऱ्या पायाचा शेवटचा टाका खुणेपर्यंत पोहोचला नसेल तर दोन-तीन जादा टाके घालून तेथवर यावे. गोल विणकामात फेरीची सुरुवात हळूहळू तिरकी सरकते, म्हणून अंदाजावर विसंबू नये.

चौथी जागा कापसाची. जोडण्याआधी पाय पाऊणच भरावेत. काठोकाठ भरले तर काठाचे टाके ताणतात. जोडणीनंतर दोन-तीन फेऱ्या झाल्या की वरून उरलेला कापूस दाबावा.

साखळ्या वाढवल्या तर कंबर रुंद होते. साखळी अजिबात न घालता पाय थेट जोडले तर २४ टाक्यांचे सडपातळ धड मिळते. डोळ्यांना मणी किंवा बटणे न लावता दोऱ्यानेच भरावेत, ती तान्ह्या मुलांसाठी अधिक सुरक्षित.

आता थोडा पैशांचा हिशेब. समजा, एका बाहुलीचे पाय शिवायला अर्धा तास लागतो. महिन्याला वीस बाहुल्या केल्या तर दहा तास नुसत्या शिवणात गेले. या पद्धतीने ते वाचतात. पण वाचलेले तास फुकट देऊ नका. वहीत लोकरीचा खर्च, कापसाचा खर्च आणि लागलेले तास असे तीन रकाने पाडा, आणि मग किंमत सांगा. आंध्रातील नरसापूरच्या क्रोशाच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवर मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंचे पुस्तक १९८२ साली आले. बायकांच्या कामाला फावल्या वेळचे काम म्हटले की त्यांना कामगार म्हणून कोणी मोजत नाही आणि मोबदला नगण्य राहतो, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. तुमचे काम फावल्या वेळचे आहे असे व्यापारी म्हणाला तर त्याच्यापुढे वही उघडा.

आणखी एक गोष्ट भगिनींनी ध्यानात ठेवावी. केंद्र सरकारच्या २०२० च्या आदेशाने १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले. मात्र हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना यातून सूट दिली गेली. तेव्हा विक्री करायची असेल तर कारागीर म्हणून नोंदणी आधी करून घ्या. एकटीला अवघड वाटले तर गटातल्या चौघी मिळून जा, अर्ज वाचणारी एक तरी लेक आज प्रत्येक घरात आहे.

पहिली बाहुली विकण्यासाठी विणू नका. ती घरातल्या सर्वांत खोडकर पोराच्या हाती द्या आणि आठवडाभर ओढू द्या. त्याच्या हातून पाय शाबूत राहिले, तर तुमचा माल बाजारात जायला तयार आहे असे समजा.