गुठळीची राखण

दाढ काढून झाली की डॉक्टर त्या जागी गॉजचा बोळा ठेवतात आणि अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायला सांगतात. पेशंटच्या लेखी काम तिथेच संपलेले असते. छळणारी दाढ ट्रेमध्ये पडलेली दिसते, भीती ओसरते आणि पुढच्या सूचना अर्ध्या कानाने ऐकल्या जातात. खरे काम मात्र त्या बोळ्याखाली नुकते सुरू झालेले असते. मुळे निघाल्यावर हाडात जो खड्डा उरतो, त्यात रक्त साठते आणि हळूहळू गोठते. गडद लाल, जेलीसारखी मऊ अशी ती गुठळी खालचे उघडे हाड आणि तिथल्या मज्जातंतूंची टोके झाकून टाकते. हातापायाच्या जखमेवर पट्टी बांधता येते. सतत ओल्या आणि हलत्या तोंडात ती टिकत नाही, म्हणून शरीर स्वतःच ही पट्टी तयार करते. थुंकू नका, चूळ भरू नका, विडी ओढू नका, गरम पिऊ नका ही लांबलचक यादी एकाच गोष्टीसाठी आहे: ही गुठळी जागची हलू नये. पण यादी सांगितली जाते आणि कारण राहून जाते. माझ्या मते काळजी घेण्यात कसूर होते ती बहुतेक वेळा इथेच.

पहिल्या तासातच याचा प्रत्यय येतो. रक्त थांबले का, हे पाहायला माणूस दर पाच मिनिटांनी बोळा काढतो आणि त्याला चिकटून नुकती धरू लागलेली गुठळी उचलली जाते. रक्ताचे दोन थेंब लाळेत मिसळले की तोंडभर रक्त आल्यासारखे वाटते. मग तो बेसिनशी जाऊन थुंकत राहतो. थुंकताना तोंडात ओढ निर्माण होते. स्ट्रॉने शहाळे पिताना किंवा सिगारेटचा झुरका घेतानाही तेच घडते. रक्त गिळणे वाईट, अशी शंका इथे हमखास येते. पण लाळेत मिसळलेले एवढेसे रक्त पोटात गेल्याने अपाय होत नाही. ते बाहेर टाकण्याच्या धडपडीने होतो. भूल उतरल्यावर रक्त पुन्हा पाझरू लागले तरी घाबरायचे कारण नाही. भुलीच्या इंजेक्शनमध्ये बहुधा अ‍ॅड्रेनालिन असते, ते रक्तवाहिन्या आकसून ठेवते. त्याचा अंमल सरला की थोडा पाझर होतो. स्वच्छ गॉज ओले करून, घडी घालून, डोके उंच ठेवून आणखी अर्धा तास चावून धरले की बहुधा तो थांबतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. मग त्यांना मनाई का? मनाई गुळण्यांना नाही, पहिल्या दिवसाला आहे. २४ तासांत गुठळी खड्ड्याला बऱ्यापैकी धरते. त्यानंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून ते तोंडात हलकेच फिरवावे आणि मान वाकवून आपोआप पडू द्यावे. जेवणानंतर असे केल्यास अन्नकण निघून जातात. स्वच्छता हवीच, बाकीचे दात पहिल्या रात्रीही सांभाळून घासता येतात. उपाय तोच, पण एक दिवस आधी केला तर तोच घातक ठरतो.

गुठळी निसटली किंवा विरघळली तर काय होते, ते दंतवैद्य क्रॉफर्ड यांनी १८९६ मध्ये नोंदवले आणि त्याला ‘ड्राय सॉकेट’ हे नाव रूढ झाले. दोन-तीन दिवस बरे वाटल्यावर अचानक ठणका सुरू होतो, कानापर्यंत जातो, तोंडाला वास येतो. खड्ड्यात लाल गुठळीऐवजी करडे हाड दिसते. खालची अक्कलदाढ काढल्यावर हा धोका इतर दातांपेक्षा बराच जास्त असतो, आणि तंबाखूने तो वाढतो. आपल्याकडे तंबाखू म्हणजे नुसती सिगारेट नव्हे. मिश्री लावणाऱ्या बाईला ‘धूम्रपान करू नका’ ही सूचना आपल्यासाठी आहे असे वाटतच नाही, आणि तिचे बोट सकाळी नेमके त्याच हिरडीवरून फिरते. ठणक्यावर घरी लवंगेचे तेल ओतण्यापेक्षा डॉक्टरांकडे जावे. लवंगेतला युजेनॉल तेही वापरतात, पण खड्डा धुऊन, मोजून.

राखण करायची म्हणजे सगळे सोसत बसायचे, असा अर्थ मात्र नाही. सूज दोन-तीन दिवस वाढते आणि मग उतरते. त्यानंतरही ती वाढत राहिली, ताप आला, गिळणे जड झाले किंवा दाबूनही रक्त थांबेना, तर वाट पाहू नये. रक्त पातळ करणारी गोळी कुणी मनाने बंद करू नये आणि दुखण्यावर मनाने अ‍ॅस्पिरिनही घेऊ नये. एरवी शरीर आपले काम करत राहते: आठवड्याभरात गुठळीच्या जागी नवी ऊती येऊ लागते, तीन-चार आठवड्यांत हिरडी मिटते, हाड भरायला काही महिने लागतात. एवढ्या लांबच्या कामात आपल्याकडून मागणे आहे ते प्रामुख्याने पहिल्या दिवस-दोन दिवसांच्या संयमाचे. म्हणून बोळा ठेवतानाच डॉक्टरांनी आरसा दाखवून एक वाक्य सांगावे: ‘इथे आता पट्टी तयार होते आहे, तिला हात लावू नका.’ ते ऐकलेल्या बाईला मिश्रीची डबी दोन दिवस फळीवर का ठेवायची, हे वेगळे सांगावे लागणार नाही.