लाल रेघेची गोळी घेताना

घसा दुखतोय, अंगात कणकण आहे आणि कपाटात मागच्या वेळची अर्धी स्ट्रिप पडली आहे. तुम्ही काय करता? त्यातली गोळी घेऊन कामाला लागता ना? आधी ती स्ट्रिप उलटून पाहा. उभी लाल रेघ दिसली, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

सर्दी, फ्लू आणि बहुतेक वेळा घसादुखीही विषाणूंमुळे होते. अँटिबायोटिक चालतं जिवाणूंवर. गरज नसताना घेतलं तर ताप उतरत नाहीच, उलट पोटातले चांगले जिवाणू मरतात आणि औषधाला दाद न देणारे मागे उरतात. उद्या खरंच न्यूमोनिया झाला, तर तेच औषध लागू पडेल याची खात्री नाही.

चेन्नईत राहणाऱ्यांना गिंडीची किंग इन्स्टिट्यूट ठाऊक असेल. १८९९ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत देवीची लस बनायची. पेनिसिलिनचा शोध लागला १९२८ मध्ये. म्हणजे ही सगळी औषधं त्या संस्थेपेक्षा वयाने लहान! तरी ती निकामी होऊ लागली म्हणून २०१२ मध्ये याच शहरात डॉक्टरांच्या संघटनांनी एकत्र येऊन 'चेन्नई जाहीरनामा' काढला. चिठ्ठीशिवाय होणाऱ्या विक्रीला आळा घाला, ही त्यातली एक मोठी मागणी. १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-वन' लागू झालं. सेफिक्झिमसारखी औषधं देताना मेडिकलवाल्याला डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव वहीत लिहावं लागतं, ती वही तीन वर्षं जपावी लागते. तेव्हा त्याने चिठ्ठी मागितली तर चिडू नका.

डॉक्टरांपुढे बसलात की पेनिसिलिनची ॲलर्जी, गरोदरपण, किडनीचा त्रास, रक्त पातळ करणारी गोळी, जे असेल ते सांगा. किती दिवस घ्यायचं, जेवणाआधी की नंतर, हेही विचारून घ्या. डॉक्सिसायक्लिन ग्लासभर पाण्यासोबत घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. सिप्रोफ्लॉक्सासिन दुधासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत नको. बरं वाटलं म्हणून मधेच थांबू नका. कमी दिवस पुरतील की नाही, ते डॉक्टर ठरवतील. एखादा डोस विसरलात तर आठवल्यावर घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या, पण दोन एकदम कधीच घेऊ नका.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो मुलांच्या सिरपचा. बाटलीत पावडर असते. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, नीट हलवायचं. मोजायला बाटलीसोबतचं माप घ्या, पोह्यांचा चमचा नको. डोस बाळाच्या वजनावर ठरतो, म्हणून दादाची बाटली धाकटीला चालत नाही. एकदा पाणी घातलं की लेबलवर लिहिलेले दिवसच ते टिकतं. बऱ्याच सिरपचे ते जेमतेम सात असतात, आणि काही फ्रिजमध्येच ठेवावी लागतात. उरलेलं पुढच्या तापासाठी ठेवू नका.

थोडे जुलाब होऊ शकतात. पण शौचातून रक्त जाऊ लागलं तर डॉक्टरांना लगेच कळवा, जुलाब थांबवायची गोळी आपल्या मनाने घेऊ नका. अंगावर गांधी उठल्या, चेहरा सुजला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर औषध थांबवून तडक हॉस्पिटल गाठा. जाताना स्ट्रिप सोबत न्या.