घरून पाहिलेली कागदपत्रे : सोय आणि जबाबदारी

वार्षिक अहवालात नव्या खाटा, नवी उपकरणे आणि दात्यांची नामावली पाहण्याची आपणांस सवय आहे. संगणकाच्या वापराविषयी स्वतंत्र टिपण त्यात असावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु कर्मचारी घरी बसून रुग्णालयाच्या संगणकातील कागदपत्रे कशी उघडतात, हा आता केवळ कार्यालयीन सोयीचा प्रश्न राहिलेला नाही. त्या कागदपत्रांत रुग्णांचे आजार आहेत, निर्धन रुग्णांच्या उत्पन्नाचे दाखले आहेत आणि आपण विश्वासाने दिलेल्या देणग्यांचा हिशेब आहे. म्हणून ही व्यवस्था विशद करणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

गरज का निर्माण झाली?

रुग्णालय चोवीस तास चालते, कार्यालय मात्र चालत नाही. रात्री अपघाताचा रुग्ण आला व त्याचा सीटी स्कॅन झाला, तर तो पाहणारे क्ष-किरणतज्ज्ञ त्या वेळी जागेवर असतीलच असे नाही. ते घरून स्कॅन पाहू शकले, तर शल्यचिकित्सकांना निर्णयासाठी थांबावे लागत नाही.

दुसरे उदाहरण हिशेबाचे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलांच्या रकमेतून २ टक्के निर्धन रुग्ण निधीत जमा करावे लागतात. रविवारी घरी जाणाऱ्या रुग्णाचे बिल या निधीतून भागवायचे, तर दाखले तपासून व शिल्लक पाहून मंजुरी देणारी व्यक्ती उपलब्ध असावी लागते. अन्यथा बरा झालेला रुग्ण आणि त्याचे नातेवाईक सोमवारची वाट पाहत राहतात.

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागू झाल्यावर पगारपत्रके आणि पुरवठादारांची देयकेही घरून पाहणे अपरिहार्य ठरले. टाळेबंदी सरली, गरज मात्र कायम राहिली.

कागद घरी नेणे आणि घरून पाहणे

घरून काम करण्याचे जुने मार्ग सर्वांच्या परिचयाचे आहेत. फाइल पेन ड्राइव्हवर घ्यावी, स्वतःच्या ई-मेलवर पाठवावी किंवा मोबाइलवर छायाचित्र मागवावे. या सर्वांत दोष एकच, तो म्हणजे कागदाची प्रत रुग्णालयाबाहेर जाते. पेन ड्राइव्ह रिक्षात राहू शकतो, घरचा संगणक दुरुस्तीला जाऊ शकतो. शिवाय एकाच हिशेबाच्या दोन प्रती झाल्या की खरी कोणती, हा प्रश्न लेखापरीक्षणाच्या वेळी उभा राहतो.

‘रिमोट डेस्कटॉप’ या पद्धतीत फाइल जागची हलत नाही. तिचे चित्र तेवढे घरच्या पडद्यावर उमटते आणि घरून दाबलेल्या कळा व माउसची हालचाल रुग्णालयातील संगणकाकडे जाते. तिजोरीतील वही तिजोरीतच राहावी आणि खिडकीतून तिच्यात नोंद करता यावी, असा हा प्रकार आहे. फाइल घरच्या संगणकावर उतरवून घेण्याची व घरच्या प्रिंटरवर छापण्याची सोय यात बंद ठेवता येते, आणि ती बंदच असली पाहिजे.

मात्र ही खिडकी थेट रस्त्यावर उघडून चालत नाही. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपसाठी पोर्ट क्रमांक ३३८९ हे ठरलेले दार आहे आणि ते चोरांनाही ठाऊक आहे. इंटरनेटवर असे उघडे दार शोधत फिरणारे प्रोग्राम अहोरात्र चालू असतात. यासाठी व्हीपीएन म्हणजे सांकेतिक लिपीने बंदिस्त केलेला खासगी मार्ग वापरावा लागतो. कर्मचारी प्रथम या मार्गात प्रवेश करतो, त्यानंतरच त्याला रुग्णालयाचे दार दिसते.

दुसरी किल्ली

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात व त्या दोघांकडे असतात, हे तत्त्व हिशेबाचे काम करणाऱ्यांना नवे नाही. येथेही पासवर्ड ही एक किल्ली. मोबाइलमधील अ‍ॅपवर दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा अंकी क्रमांक ही दुसरी. पासवर्ड चोरीस गेला तरी कर्मचाऱ्याचा मोबाइल हाती नसेल, तर चोराचे काम फार कठीण होते.

ही दुसरी किल्ली नसेल तर काय घडते, याचे उदाहरण अमेरिकेत फेब्रुवारी २०२४ मध्ये दिसले. रुग्णालये व औषध दुकाने यांचे विमा दावे हाताळणाऱ्या चेंज हेल्थकेअर या कंपनीच्या दूरस्थ प्रवेशाच्या एका दारावर दुसरी किल्ली बसवलेली नव्हती. चोरलेल्या पासवर्डने आक्रमक आत शिरले आणि नऊ दिवसांनी त्यांनी यंत्रणा कुलूपबंद केली. मूळ कंपनीच्या प्रमुखांनी २ कोटी २० लाख डॉलर खंडणी दिल्याचे अमेरिकन संसदेसमोर सांगितले. तरीही अनेक रुग्णालयांची देणी कित्येक आठवडे अडकून पडली.

दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ रोजी झालेल्या हल्ल्यात पाच सर्व्हर बाधित झाले आणि बाह्यरुग्ण नोंदणीपासून तपासणी अहवालांपर्यंतची कामे अनेक दिवस हाताने करावी लागली. तेथील जाळ्याचे नीट विभाग पाडलेले नव्हते, असे कारण सरकारने संसदेत दिले. यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, घरून येणाऱ्यास फक्त त्याच्या कामाचे दालन उघडावे. हिशेबनिसास केसपेपर दिसू नयेत आणि डॉक्टरांना पगारपत्रक. दोन, सर्व कागदपत्रांची एक प्रत जाळ्यापासून पूर्णपणे अलग ठेवावी, कारण जाळ्याला जोडलेली प्रत मूळ कागदांबरोबरच कुलूपबंद होते.

नोंद आणि कायदा

कोण, केव्हा, कोठून आला आणि त्याने काय उघडले, याची नोंद रोजकीर्दीसारखी आपोआप होत असते. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशा नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि हल्ल्याची वर्दी ६ तासांत द्यावी लागते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ याने माहितीची पुरेशी काळजी न घेणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. परंतु आमच्या दृष्टीने दंडापेक्षा मोठी बाब वेगळी आहे. आपला आजार गावात कळू नये म्हणून दूरच्या रुग्णालयात येणारा रुग्ण आम्हांला त्याचे गुपित सोपवून जातो. ती ठेव आहे, आणि ठेव मोडता येत नाही.

देणगीदारांस व नातेवाइकांस विनंती

डायलिसिस यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लागते. दुसऱ्या किल्लीवर, अलग ठेवलेल्या प्रतीवर किंवा संगणक रात्री चालू ठेवणाऱ्या यूपीएसच्या बॅटरीवर अशी पाटी लावता येत नाही. हा खर्च दरवर्षीचा आहे आणि तो सर्वसाधारण निधीतूनच भागतो. विशिष्ट कारणासाठी न बांधलेली देणगी किती मोलाची असते, हे यावरून लक्षात यावे.

रुग्णांच्या नातेवाइकांनी दोन गोष्टी पाळाव्यात. तपासणीचे अहवाल ओळखीच्या कर्मचाऱ्याच्या खासगी मोबाइलवर मागू नयेत; त्याने नकार दिला तर तो आपल्याच रुग्णाची काळजी घेत आहे, असे समजावे. तसेच रुग्णालयाच्या नावाने दूरध्वनी करून कोणी ओटीपी मागितल्यास तो देऊ नये व कार्यालयास त्वरित कळवावे.

या व्यवस्थेविषयी शंका असल्यास प्रशासन कार्यालयात अवश्य विचाराव्यात. आपल्या सूचनांचे स्वागत आहे.