मुंबई विद्यापीठ : आधी परीक्षा, मग शिक्षण

मुंबई विद्यापीठ जन्माला आले तेव्हा त्याच्याकडे वर्ग नव्हता, फळा नव्हता आणि शिकवणारा एकही माणूस नव्हता. १८ जुलै १८५७ रोजी कायदा झाला आणि विद्यापीठ कागदावर अस्तित्वात आले. उत्तरेत तेव्हा उठाव पेटलेला होता, दिल्ली अजून इंग्रजांच्या हाती परत आलेली नव्हती. त्या धामधुमीतही कंपनी सरकारने कोलकाता, मुंबई आणि मद्रास अशी तीन विद्यापीठे एकाच वर्षात काढली. १८५४ च्या वुडच्या खलित्याने त्यांचा नमुनाही ठरवून दिला होता : लंडन विद्यापीठ. शिकवायचे कॉलेजांनी. विद्यापीठाने अभ्यासक्रम नेमायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची.

ही व्यवस्था स्वस्त होती आणि सरकारच्या सोयीची होती. पण त्या दिवशी जी घडी बसली ती आजतागायत पुरती मोडलेली नाही. मुंबई विद्यापीठाच्या इतिहासातले बरेचसे मोठेपण आणि बरेचसे दुखणे या एकाच मुळातून आलेले आहे.

पहिले चौघे

सुरुवातीला विद्यापीठाला स्वतःची इमारतही नव्हती. कारभार चालायचा टाउन हॉलमधून. एल्फिन्स्टन कॉलेज, पुण्याचे कॉलेज (पुढचे डेक्कन कॉलेज), ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सरकारी लॉ स्कूल ही पहिली संलग्न घराणी. १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली आणि १८६२ मध्ये पहिले चार बी.ए. बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पहिल्याच तुकडीत रानडे आणि भांडारकर निघावेत, हे भाग्य जगात फार थोड्या विद्यापीठांच्या वाट्याला आले असेल.

रानड्यांची एक गोष्ट त्या काळच्या वातावरणाबद्दल पुष्कळ सांगून जाते. विद्यार्थिदशेत त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजी अमलाशी तुलना केली आणि माप मराठ्यांच्या पारड्यात टाकले. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांचा या विद्यार्थ्यावर लोभ होता, तरीही त्यांनी रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने रोखली. स्वतंत्र विचार करायला शिकवणारे पुस्तक हातात द्यायचे आणि तो विचार कागदावर उतरला की शिक्षा करायची, असा हा दुटप्पी कारभार होता. रानडे त्यातून तावून सुलाखून निघाले आणि पुढे त्याच विद्यापीठाच्या सिनेटमध्ये जाऊन बसले.

तिथे त्यांनी चिकाटीने लढवलेला एक प्रश्न होता मराठीचा. १८६० च्या दशकात देशी भाषा वरच्या परीक्षांतून हद्दपार झाल्या होत्या, त्यांच्या जागी संस्कृत, लॅटिनसारख्या अभिजात भाषा बसल्या. मराठी मुलखाच्या राजधानीतल्या विद्यापीठात मराठीला पदवीच्या परीक्षेचे दार बंद! एम.ए.च्या परीक्षेत देशी भाषांना जागा मिळायला १९०१ साल उजाडले, आणि त्याच वर्षाच्या जानेवारीत रानडे गेले.

मनोऱ्यावरची माणसे

अमेरिकेतल्या यादवी युद्धाने मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आणला. त्या पैशातून विद्यापीठाला छप्पर मिळाले. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी दीक्षान्त सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. शेअर बाजाराचे अनभिषिक्त राजे प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. अट एवढीच की मनोऱ्याला आईचे, राजाबाईंचे नाव द्यायचे. पुढच्याच वर्षी युद्ध संपले, बाजार कोसळला आणि प्रेमचंदांचे साम्राज्य धुळीला मिळाले. देणगी मात्र वेळेवर विद्यापीठाच्या पदरात पडली होती.

आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. त्यांनी मुंबई कधी डोळ्यांनी पाहिली नाही, सगळे काम लंडनमध्ये बसून केले. सभागृह १८७४ मध्ये पुरे झाले. २८० फुटी राजाबाई मनोऱ्याचे काम १८६९ ला सुरू होऊन १८७८ मध्ये संपले. सभागृहाच्या गोल खिडकीतल्या रंगीत काचांवर बारा राशी आहेत, हे तिथे पदवी घेतलेल्यांपैकीही अनेकांच्या लक्षात आलेले नसते. मनोऱ्याचे घड्याळ एके काळी ब्रिटिश राष्ट्रगीतासह सोळा धून वाजवायचे.

पण मान वर करून नीट पाहावे ते मनोऱ्यावरच्या पुतळ्यांकडे. पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींची माणसे आपापल्या वेशात तिथे उभी आहेत. त्यांचे नमुने घडवले रावबहादूर मुकुंद रामचंद्र या इंजिनिअरने. दगडात सगळा मुलूख हजर होता. खालच्या ग्रंथालयात मात्र त्यांच्यातले फार थोडे पोहोचले होते. ती दरी बुजायला पुढची कित्येक दशके लागली, आणि ती बुजवण्यात सर्वांत मोठा वाटा परीक्षेचाच होता.

स्त्रियांना परीक्षेचे दार १८८३ मध्ये उघडले. डेक्कन कॉलेजातून शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी त्या दशकाच्या अखेरीस विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या, त्याही पहिल्या वर्गात. विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मात्र बाई म्हणून त्यांना नाकारली गेली. या प्रवासाचे पुढचे टोक पाहायचे तर १९९५ ते २००० या काळात कुलगुरू असलेल्या डॉ. स्नेहलता देशमुख यांच्या कारकिर्दीकडे यावे लागते. पदवीच्या प्रमाणपत्रावर विद्यार्थ्याच्या आईचे नाव छापायला त्यांच्या काळात सुरुवात झाली.

कराचीपासून धारवाडपर्यंत

आज मुंबई विद्यापीठ म्हटले की मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग डोळ्यांसमोर येतात. एके काळी त्याची हद्द सिंधपासून कर्नाटकापर्यंत होती. कराची, अहमदाबाद, पुणे आणि धारवाडचे विद्यार्थी एकच पेपर सोडवत. मोहनदास गांधी १८८७ मध्ये याच विद्यापीठाची मॅट्रिक झाले. टिळक आणि गोखले याच विद्यापीठाचे पदवीधर. विदर्भ आणि मराठवाडा मात्र वेगळ्या राजवटीत असल्याने या छत्राबाहेर होते.

स्वातंत्र्याच्या आगेमागे वाटण्या झाल्या. १९४७ मध्ये सिंध वेगळे झाले. १९४९ हे साल तर जणू बारशांचेच : पुणे, गुजरात, बडोदा आणि कर्नाटक अशी विद्यापीठे त्याच सुमारास सुरू झाली. मुक्तीनंतर गोव्यातली नवी कॉलेजे मुंबईशी जोडली गेली आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबई विद्यापीठाने पणजीत केंद्र काढले. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ सुरू झाले ते याच पायावर.

आंबेडकरांनी दाखवलेला दोष

१९०४ च्या कायद्याने विद्यापीठांना शिकवण्याची मुभा दिली, पण मुंबईत गाडे फारसे हलले नाही. १९२४ मध्ये विद्यापीठ सुधारणेसाठी सर चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिच्यापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लेखी निवेदन दिले. एल्फिन्स्टनचा हा पदवीधर तोवर कोलंबिया आणि लंडन पाहून आला होता. त्यांनी दुखण्याच्या मुळावरच बोट ठेवले. शिकवणे एकाकडे आणि परीक्षा दुसऱ्याकडे, ही फारकत त्यांना मान्य नव्हती. पदवीचे वर्ग कॉलेजांकडे आणि पदव्युत्तर काम तेवढे विद्यापीठाकडे, ही तडजोडही त्यांनी नाकारली. असे केले तर अध्यापन आणि संशोधन एकमेकांपासून तुटतात आणि दोन्ही दुबळी होतात, असे त्यांचे म्हणणे होते.

शंभर वर्षे उलटून गेली. विद्यापीठाने नेमकी तीच तडजोड पत्करली. खाली कॉलेजे, वर विभाग आणि दोघांच्या मधे परीक्षा विभाग.

जिथे शिकवले गेले

तरीही जिथे शिकवण्याला आणि संशोधनाला वाव मिळाला तिथे मुंबईने देशाला हेवा वाटावा असे काम केले. १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग निघाला. त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस हे नगररचनेतले जागतिक कीर्तीचे नाव. १९२४ मध्ये त्यांच्या जागी आले मालवणात जन्मलेले, केंब्रिजला शिकून आलेले गोविंद सदाशिव घुर्ये. पुढची पस्तीस वर्षे भारतीय समाजशास्त्राची पेठ मुंबईत होती. ऐंशीच्या घरात प्रबंध त्यांच्या हाताखाली झाले. इरावती कर्व्यांनी १९२८ मध्ये चित्पावनांवरचा प्रबंध त्यांच्याकडेच लिहिला. म्हैसूरहून आलेले एम. एन. श्रीनिवास त्यांचेच विद्यार्थी. घुर्यांचा मार्क्सवादाशी सूर जुळणारा नव्हता, पण भारतीय राष्ट्रवादाची मार्क्सवादी मांडणी करणारा अ. र. देसाई यांचा गाजलेला प्रबंधही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली सिद्ध झाला. गुरूला न पटणारे विद्यार्थ्याने सिद्ध करावे आणि गुरूने त्यावर सही करावी, ही विद्यापीठपणाची खरी खूण. भारतीय समाजशास्त्र परिषदही १९५१ मध्ये मुंबईतच स्थापन झाली.

अर्थशास्त्रात सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी महालनोबिसांच्या अवजड उद्योगांवरच्या भराला उघड आव्हान दिले. आधी धान्य, कापड यांसारख्या मजुरांच्या गरजेच्या वस्तू वाढवा, असा त्यांचा आग्रह. दिल्ली एका सुरात बोलत असताना मुंबईतून वेगळा सूर निघाला. गणितात १९६३ मध्ये शरदचंद्र श्रीखंडे विभागप्रमुख म्हणून आले. बोस आणि पार्कर यांच्यासह ऑयलरचा पावणेदोनशे वर्षांचा तर्क खोटा पाडणारे हे गणिती.

आणि माटुंग्याची यूडीसीटी! १९३३ मध्ये विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग म्हणून ती सुरू झाली. के. वेंकटरामन, एम. एम. शर्मा यांच्यासारखे संचालक तिला लाभले. गोव्यातल्या माशेलहून आलेल्या रघुनाथ माशेलकरांनी शर्मांकडेच पीएच.डी. केली. इथून निघालेल्या इंजिनिअरांनी देशातले रंग, औषधे आणि रसायनांचे कारखाने उभे केले. २००८ मध्ये या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि ती विद्यापीठातून बाहेर पडली. लेक कर्तबगार निघाली आणि वेगळी झाली, असेच म्हणावे लागेल.

परीक्षेचे उपकार

एवढे वाचून परीक्षा म्हणजे निव्वळ संकट असे कुणाला वाटेल, तर तो अन्याय होईल. रत्नागिरीच्या शाळामास्तराचा मुलगा, गिरणगावातल्या जॉबरचा मुलगा आणि मलबार हिलवरच्या शेठजींचा मुलगा एकाच प्रश्नपत्रिकेसमोर बसले ते या पद्धतीमुळेच. उत्तरपत्रिकेवर नंबर असायचा, आडनाव नसायचे. १९०७ मध्ये आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या वस्तीने सत्कार केला तो याच परीक्षेचा. ओळखीपाळखीवर चालणाऱ्या समाजात एवढी निष्पक्षता ही लहान गोष्ट नव्हती.

याच परीक्षेच्या आधारावर सकाळची आणि रात्रीची कॉलेजे उभी राहिली. १९४६ मध्ये आंबेडकरांनी सिद्धार्थ कॉलेज काढले, तिथे नोकरी करणाऱ्यांना सकाळी शिकून कामावर जाता येई. १९७१ मध्ये विद्यापीठाने टपालाने शिक्षण सुरू केले. बँकेतला कारकून, पोलीस शिपाई, लग्नानंतर शिक्षण सुटलेली गृहिणी अशा कितीतरी जणांची बी.ए., बी.कॉम. या टपालातून आली. ज्याला वर्गात बसणे परवडत नाही त्यालाही परीक्षेला बसता येते, ही सोय शहराच्या मध्यमवर्गाने मनापासून वापरली.

सतरा लाखांचा ढीग

पण संख्या वाढत गेली तसे यंत्र कुरकुरू लागले. आठशेहून अधिक कॉलेजे, लाखो विद्यार्थी. प्राध्यापकांचा निम्मा जीव पेपर काढण्यात, तपासण्यात आणि मॉडरेशनमध्ये. विद्यार्थ्यांची भाषाच परीक्षेची झाली : हॉल तिकीट, केटी, रिव्हॅल्युएशन, फोटोकॉपी. विद्यापीठाशी त्यांचा संबंध येतो तो मार्कशीटच्या खिडकीवर.

२०१७ मध्ये सगळ्या विद्याशाखांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासायचा निर्णय ऐन परीक्षांच्या तोंडावर झाला. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका होत्या. पूर्वतयारी अपुरी, प्राध्यापक अनभ्यस्त. कुणाची पाने गायब, कुणाची उत्तरपत्रिका दुसऱ्याच्या नावावर. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. परदेशात प्रवेश मिळालेल्या मुलांचे वर्ष पणाला लागले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले. एकशेसाठ वर्षांपूर्वी ज्या एका कामासाठी विद्यापीठ काढले, त्याच कामात ते नापास झाले. चारच वर्षांत, २०२१ मध्ये, विद्यापीठांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकने त्याला ए++ ही सर्वोच्च श्रेणी दिली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. विद्यापीठाचे विभाग आणि विद्यापीठाचे परीक्षायंत्र ही दोन वेगळी जगे आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

त्याआधी अभ्यासक्रमाचेही असेच झाले होते. २०१० मध्ये याच विद्यापीठाचे पदवीधर रोहिंटन मिस्त्री यांची ‘सच अ लाँग जर्नी’ ही कादंबरी राजकीय विद्यार्थी संघटनेच्या दबावामुळे बी.ए.च्या अभ्यासक्रमातून काढली गेली. पुस्तकावर वर्गात वाद घालणारे अध्यापक आणि विद्यार्थी ही त्याची पहिली ढाल असते. वर्ग दुबळा झाला की एका मोर्चावर पुस्तक जाते.

आता काय उरते?

अरुण टिकेकरांनी या विद्यापीठाचे इंग्रजीत चरित्र लिहिले. पुढचा अध्याय आज लिहायचा तर त्याची सुरुवात स्वायत्त कॉलेजांपासून करावी लागेल. चांगली कॉलेजे एकामागून एक स्वायत्त होत आहेत. आपले पेपर आपणच काढतात, आपणच तपासतात. एल्फिन्स्टन आणि सिडनहॅमसारखी जुनी सरकारी कॉलेजे डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात गेली. म्हणजे परीक्षेची मक्तेदारी हळूहळू हातातून निसटते आहे.

याचा शोक करणारे बरेच आहेत. मला तरी ही चालून आलेली संधी वाटते. उत्तरपत्रिकांचा भार उतरला तर विद्यापीठाला पहिल्यांदाच शिकवायला मोकळीक मिळेल. मात्र त्यासाठी विभागांतली वर्षानुवर्षे रिकामी राहिलेली अध्यापकपदे भरावी लागतील, तासिका तत्त्वावर रेटलेले वर्ग बंद करावे लागतील आणि कालिन्याच्या विद्यानगरी या विद्यापीठाच्या आवारात पदवीच्या पहिल्या वर्षाची मुलेही बसवावी लागतील. बाहेरगावच्या, नोकरी करणाऱ्या मुलांसाठी खुल्या परीक्षेची वाट शाबूत ठेवूनच हे करायला हवे, कारण ती वाट बंद झाली तर मनोऱ्यावरची माणसे पुन्हा मनोऱ्यावरच राहतील. आंबेडकरांनी १९२४ मध्ये लेखी दिलेली सूचना अमलात आणायला याहून अनुकूल वेळ या विद्यापीठावर कधी आली नव्हती. ती वायाही घालवता येईल. मग कॉलेजे आपापल्या वाटेने जातील, आणि विद्यापीठाकडे पदव्यांवर उठवायचा शिक्का तेवढा उरेल.