कोको व स्टेव्हिया : लागवडीपूर्वीचा विचार

कोकोच्या बियांपासून चॉकलेट होते व स्टेव्हियाचे पान साखरेहून गोड असते, एवढ्यावरूनच दोहोंची रोपे एका बागेत लावणे हितावह नाही. दोन्ही वनस्पती मूळच्या दक्षिण अमेरिकेतील. परंतु त्यांच्या गरजा परस्परविरुद्ध आहेत.

कोको हा सावलीत वाढणारा वृक्ष होय. कोकणातील ओलिताच्या नारळ-सुपारीच्या बागेत तो आंतरपीक म्हणून घेता येतो. सुपारीच्या बागेत २.७ × ५.४ मीटर अंतर ठेवावे. बियांची उगवणशक्ती लवकर नष्ट होते, सबब त्या फळातून काढताच पेराव्यात. फळे खोडावर व जाड फांद्यांवर लागतात आणि सुमारे तिसऱ्या वर्षापासून मिळू लागतात. बिया गरासह पाच-सहा दिवस आंबवून मगच उन्हात वाळवाव्यात; अन्यथा त्यांना चॉकलेटचा स्वाद येत नाही.

स्टेव्हिया हे पॅराग्वेमधील लहानसे झुडूप. त्यास भरपूर ऊन हवे. पाणी साचल्यास मुळे कुजतात, म्हणून गादीवाफे करावेत. बियांची उगवण कमी असल्याने लागवड फांदीच्या तुकड्यांपासून करणे इष्ट. पहिली कापणी तीन-चार महिन्यांत मिळते. दिवस लहान होताच झाड फुलावर येते व पानांतील गोडवा घटतो; यास्तव कळ्या दिसताच कापणी करावी.

सारांश, सावलीची बाग कोकोस द्यावी व निचऱ्याची उघडी जमीन स्टेव्हियास. तथापि ही पिके भाताप्रमाणे गावच्या बाजारात खपत नाहीत. बिया अथवा पाने कोण व कोणत्या दराने घेणार, हे लेखी ठरल्यावाचून शेतकरी बंधूंनी रोपांवर पैसा खर्च करू नये, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आवर्जून सांगावे.