कोरियाची नासपती
दक्षिण कोरियातील नाजू हे नगर नासपतीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील नासपती वाटोळी, पिवळसर तपकिरी सालीची व अतिशय रसाळ असते. एप्रिलमध्ये झाडे शुभ्र फुलांनी बहरतात. परंतु ‘शिंगो’ या मुख्य जातीच्या फुलांत पराग जवळजवळ नसतोच. म्हणून शेतकरी अन्य जातीचा पराग हाताने फुलाफुलाला लावतात. बहराचे ते थोडे दिवस वाया गेले, तर वर्षाचे पीक हातचे जाते. पुढे कोवळ्या फळांना कागदी पिशव्या घालून ते त्यांचे किडीपासून रक्षण करतात.

या फळातील पाचक द्रव्यामुळे मांस मऊ होते. म्हणून ‘बुलगोगी’ भाजण्यापूर्वी मांसाला नासपतीचा कीस लावतात. आले, मिरी व मध घालूनही ती शिजवितात. शरद ऋतूतील ‘चुसोक’ सणात पूर्वजांच्या नैवेद्यात हे कष्टाचे फळ मानाने ठेवले जाते.