गोळीबारामागची गोष्ट

● नऊ जणांची ओळख : व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘टीम फोर्ट्रेस २’ या व्हिडिओ गेममध्ये नऊ पात्रं. ‘मीट द टीम’ मालिकेत एकेकाचा लघुपट. सुरुवात २००७ मध्ये ‘मीट द हेवी’ने, सांगता २०१२ मध्ये ‘मीट द पायरो’ने.

● दोन नजरा : या शेवटच्या लघुपटात पायरोच्या लेखी आग ओकणाऱ्या बंदुकीतून इंद्रधनुष्य बाहेर पडतं. प्रत्यक्षात गाव जळत असतं.

● संवादाविना : ब्लिझार्डच्या ‘ओव्हरवॉच’ या गेमचा ‘द लास्ट बॅस्टियन’ (२०१६) हा लघुपट. जंगलात जागा झालेला लढाऊ यंत्रमानव सुतारपक्ष्याची टकटक ऐकतो आणि बेभान गोळ्या झाडू लागतो. युद्धाचा घाव निवेदनाशिवाय कळतो.

● चाहत्यांच्या हाती : ‘मीट द टीम’ मालिका ज्यावर घडली, ते ‘सोर्स फिल्ममेकर’ हे सॉफ्टवेअर व्हॉल्व्हने २०१२ मध्ये सर्वांना मोफत खुलं केलं.